गिरणाऱ्याची बोअर आणि मिठाखालचं तेल

शनिवारी पहाटे निघालो, कसारा घाटात धुकं, इगतपुरीला चहा, नाशकात पापडासोबत मिसळ आणि दहाच्या सुमारास गिरणाऱ्याला मावशीच्या मळ्यात. बघायचं होतं गंगापूर धरण, पण अख्खा दिवस गेला बोअरच्या गाडीपाशी.

पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरलेला, नारळ उभा राहिला तिथे पॉइंट. २२० फूट झाले तरी काळा पाषाण आणि नुसता धुरळा. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींच्या सर्व्हेवर असतो, सुट्टीवर आलेला. म्हणाला, "आम्ही पण पाणाडेच रे, फक्त आमचा नारळ महाग."

मग गाडीच्या आवाजात ओरडून ओरडून सांगत बसला. तिकडे तेल बऱ्याचदा मिठाच्या जाड थराखाली असतं, ब्राझीलचं तुपी फील्ड २००६ ला सापडलं तिथे मीठ साधारण २ किलोमीटर जाड! हे लोक वरून आवाज सोडतात आणि खालच्या थरांवर आपटून परत येणाऱ्या लाटांवरून जमिनीखालचं चित्र काढतात. पण मिठात आवाजाची लाट सेकंदाला ४५०० मीटरच्या आसपास पळते, वरच्या मऊ खडकात त्याहून बरीच हळू, आणि दाबाखाली मीठ वाहतं, फुगून वर येतं, त्यामुळे त्याचा आकार वेडावाकडा. लाट वाकते, खालचं चित्र फाटकं येतं, पाण्याच्या ग्लासातला चमचा वाकडा दिसतो ना तसं. इथला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्टपण तोच त्रास देतो म्हणे.

म्हणून हे लोक विहिरीतच माईक सोडतात, म्हणजे जिओफोन, ते भिंतीला घट्ट चिकटवायचे. वर जहाज विहिरीभोवती गोल गोल फिरत एअरगनने हवेचे बार काढतं. माईक मिठाखाली असला की खाली येणाऱ्या लाटेला मीठ एकदाच ओलांडावं लागतं, परत वर यायची भानगड नाही. मला हे सगळ्यात भारी वाटलं, इतकी साधी गोष्ट! पण दिसतं विहिरीच्या आसपासचंच, आणि तेवढा वेळ रिगचं काम थांबवून भाडं चालू, ते भाडं ऐकून मी गप्पच बसलो.

मावशी चहा घेऊन आली, सगळं ऐकून म्हणाली, "मग सोड की तो माईक आपल्या बोअरमध्ये."

"आई, त्याला जहाज लागतं."

"धरणात आण."

३१० फुटांवर पाणी लागलं, दीड इंच. पाणाड्या सगळ्यांकडे असा बघत होता की काय सांगू. धरण राहिलंच.