तुम्ही विचारलेत म्हणून: इतके गवत असताना गुरे गोठ्यात का?

"आयर्लंडमध्ये जिकडे पाहावे तिकडे गवत, मग तुमची गुरे नोव्हेंबर ते मार्च गोठ्यात कशाला?" असे रत्नागिरीला माहेरी गेले की मला हमखास विचारतात, आणि थंडीमुळे असणार, हे उत्तरही विचारणारा स्वतःच देऊन टाकतो. थंडीचा त्यात फारसा भाग नाही. अंग कोरडे आणि पोट भरलेले असेल, तर मोठ्या गायीला शून्याखालची थंडीही सोसते, कारण पोटात चारा आंबताना उष्णता तयार होतच असते.

खरी अडचण पाण्याची आहे. रॉसकॉमन काउंटीतल्या आमच्या सासरच्या शेताची जमीन चिकण आहे. कोकणात याच्या जवळजवळ तिप्पट पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो आणि मग जमीन वाळते; इथे तो बारा महिने रिपरिपत राहतो आणि हिवाळ्यात ओल सुकवील असे ऊन नसते. अशा रानात सहाशे किलोंची गाय चालली की गवत मुळासकट चिखलात जाते, आणि मातीचे तापमान पाच-सहा अंशांखाली उतरल्यावर गवताची वाढ जवळपास थांबत असल्याने ती जागा वसंत ऋतूपर्यंत भरून येत नाही.

आत मे-जूनमध्ये कापून हवाबंद ठेवलेला मुरघास असतो. माझ्या मते खरी निगा याच महिन्यांत होते, कारण बाहेर कळप दिसतो आणि आत एकेक गाय दिसते: कोणती गव्हाणीपाशी मागे राहते, कोणती लंगडते, कोणाची कास भरत आली. आमच्या गायी मांसासाठी पाळलेल्या जातींच्या आहेत (हे सांगितले की माहेरी विषय बदलतो), त्यामुळे त्यांचे दूध आम्ही काढत नाही, ते वासरांचेच असते. फेब्रुवारीत गायी विऊ लागतात. त्या दिवसांत सासरे मुरघास मुद्दाम संध्याकाळी टाकतात, कारण रात्री चरणाऱ्या गायींपैकी बऱ्याच जणी दिवसा वितात आणि माणसांना झोप मिळते. वासरू जन्मले की नाळेला आयोडीन लावायचे आणि दोन तासांच्या आत तीन लिटर चीक त्याच्या पोटात घालायचा, कारण गर्भात असताना त्याला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळालेली नसतात आणि चिकातून ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता दिवसभरात संपते. जे चोखत नाही त्याला नळीने पाजावे लागते.

मार्चमध्ये रानात खूर रुतेनासे झाले, की गुरे बाहेर जातात. तेव्हा मात्र तुम्ही ज्याचे कौतुक करता त्या हिरव्या गवताचीच धास्ती असते. जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी असते आणि गायीच्या शरीरात त्याचा वापरता येण्याजोगा साठा नसतो, म्हणून वासराला पाजणारी, सकाळी धडधाकट दिसलेली गाय दुपारी झटके येऊन पडलेली सापडू शकते. गुरे सोडण्यापूर्वीच सासरे पिण्याच्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळण्याची सोय करून ठेवतात, आणि पहिले काही आठवडे त्यांची कुरणातली फेरी दिवसातून दोनदा असते.