येऊरचा पाणवठा आणि 3.40 ची नोंद

वसंत विहारमधल्या आमच्या घराच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर समोर दिसतात. गेली 22 वर्षे त्यांच्याकडे पाहत मी सकाळचा चहा घेत आलो, पण उपवन तलावाची फेरी, पावसाळ्यातले ओढे आणि अमुक सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या दिसल्याच्या बातम्या यांच्यापलीकडे त्या डोंगरांबद्दलची माझी माहिती गेलेली नव्हती. निवृत्तीनंतर ठाण्यातल्या एका निसर्गमंडळाच्या रविवारच्या फेऱ्यांना जाऊ लागलो आणि तिथेच कळले की बुद्ध पौर्णिमेच्या रात्री येऊरच्या पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणीगणनेत वन विभाग हौशी लोकांनाही सामावून घेतो. मंडळाने त्याला जोडूनच 2 दिवसांचे शिबिर ठरवले होते. पहिल्या वर्षी माझा अर्ज जागा भरल्यामुळे परत आला. दुसऱ्या वर्षी मात्र यादी लागताच पहिल्याच दिवशी नाव दिले.

कागदपत्रे फारशी नव्हती. आधारकार्डाची प्रत, 2 छायाचित्रे, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि एक हमीपत्र, ज्यात मचाणावरून रात्री खाली उतरणार नाही, मद्यपान व धूम्रपान करणार नाही आणि काही इजा झाल्यास जबाबदारी माझी राहील, असे लिहून द्यायचे होते. माझे वय 61 असल्याने डॉक्टरांचे पत्रही मागितले. रक्तदाबाची गोळी रात्री न चुकता घेईन या अटीवर ते मिळाले. घरात मात्र हमीपत्रातले शेवटचे कलम मी वाचून दाखवले नाही.

गणनेच्या आधीच्या रविवारी नौपाड्यातल्या एका शाळेत 3 तासांचा वर्ग झाला. मला वाटले होते की तिथे प्राण्यांची चित्रे दाखवतील. तीही दाखवली, पण निम्म्याहून अधिक वेळ एका तक्त्यावर गेला. माझी नोकरीची 31 वर्षे लेखापरीक्षणात गेलेली असल्यामुळे त्या तक्त्याने मी एकदम जागा झालो. वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू, आला कोणत्या दिशेने, गेला कोणत्या दिशेने, असे रकाने होते. त्यापुढे एक जाड रेघ आणि रेघेपलीकडे 'अप्रत्यक्ष' असा वेगळा भाग होता. डोळ्यांनी पाहिलेले रेघेच्या अलीकडे लिहायचे. आवाज, ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे हे सगळे पलीकडे. शिकवणारे गृहस्थ वन्यजीव अभ्यासक होते. त्यांनी हा मुद्दा इतक्या वेळा सांगितला की मागच्या बाकावरची मुले हसू लागली.

मग त्यांनी सरिस्काची हकीकत सांगितली. पूर्वी वाघांची मोजणी पावलांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलेलेच नाहीत, हे 2005 मध्ये उघड झाले, तेव्हा त्याआधीच्या गणनेच्या कागदांवर मात्र वाघ होते. त्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली आणि 2006 पासूनच्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत कॅमेरे आले. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाचे पट्टे काय किंवा बिबट्याचे ठिपके काय, प्रत्येकाचे वेगळे असतात आणि एकाच प्राण्याची डावी बाजूही उजवीसारखी नसते. आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2015 मध्ये अशाच कॅमेऱ्यांच्या अभ्यासातून 35 बिबट्यांची नोंद झाली. कागदावर शिल्लक आणि तिजोरी रिकामी, अशी प्रकरणे मी नोकरीत पाहिली होती. वाघांच्या बाबतीतही ते होऊ शकते, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

पाणवठ्यावरच्या गणनेला शास्त्रीय गणना म्हणू नका, असेही त्यांनी स्पष्टच बजावले. वैशाखात जंगलातले बहुतेक पाणी आटलेले असते म्हणून जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात आणि पौर्णिमेचा उजेड असल्याने ती दिसतात, एवढाच या पद्धतीचा आधार आहे. एकच रानडुक्कर रात्रीत 2 पाणवठ्यांवर जाऊ शकते. सगळेच प्राणी रोज पाण्यावर येतात असे नाही. आणि आदल्या दिवशी वळवाची एक सर पडली तर डबकी भरतात व सगळेच गणित कोसळते. मग हे करायचे कशासाठी, असे मी विचारले. "वर्षानुवर्षे त्याच पाणवठ्यावर, त्याच रीतीने बसलात तर चढउताराचा अंदाज येतो," ते म्हणाले, "आणि तुमच्यासारख्यांना एक रात्र गप्प बसायची सवय लागते."

गणनेच्या दिवशी दुपारी 3 वाजता आम्ही 24 जण येऊरच्या फाटकाशी जमलो. कपडे खाकी, मातकट किंवा गडद हिरवे हवेत अशी सूचना होती, तरी एक तरुण पांढऱ्या शुभ्र टीशर्टमध्ये आला आणि त्याला मंडळाच्या एका काकूंनी आपली जुनी ओढणी गुंडाळून दिली. अत्तर, डासांचे मलम, वासाचे खाणे बाहेर ठेवायला लावले. डासांचे मलम ठेवताना मला खरोखर वाईट वाटले आणि रात्री त्याची पुरेपूर आठवण झाली. जेवणाला दशम्या, खजूर आणि 3 लिटर पाणी एवढेच होते. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधून घेतला. फाटकाबाहेर पाड्यावरच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे विकत होत्या; ती मात्र वास असूनही सगळ्यांनी तिथल्या तिथे खाऊन संपवली.

आमच्या मचाणावर 3 जण होतो. मी, कळव्याहून आलेली प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि पाटोणापाड्याचे एक वनमजूर, ज्यांना सगळे दादा म्हणत होते. ओढ्यातल्या डोहाला दगडी बांध घालून तो पाणवठा केलेला होता आणि मचाण त्याच्यापासून सुमारे 40 पावलांवर, वारा आमच्याकडून पाण्याकडे जाणार नाही अशा बेताने, ऐनाच्या झाडावर बांधलेले होते. वर चढताना माझ्या गुडघ्यांनी आवाज केला. "काका, आता हा शेवटचा आवाज," दादा म्हणाले.

5 वाजल्यापासून नोंदी सुरू झाल्या. अक्षर बरे म्हणून तक्ता माझ्याकडे आला. पहिला तास पक्ष्यांचा होता. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाण्यावर सूर मारून अंग भिजवत होता आणि पुन्हा त्याच फांदीवर बसत होता. डोंगरापलीकडे पावशा "पेरते व्हा"चा धोशा लावून बसला होता. 6.20 ला माकडांची टोळी आली. ठाण्यात आपण लाल तोंडाच्या आणि काळ्या तोंडाच्या सगळ्यांनाच माकड म्हणतो. मुलीने मला पहिल्यांदा शिकवले ते हे की काळ्या तोंडाचे ते वानर आणि ही आली ती माकडे. त्यांना मोजणे हे कोणत्याही रोकड मोजणीपेक्षा अवघड निघाले. मी 13 मोजली, तिने 11 आणि दादांनी 12. सरासरी काढावी असे माझ्या मनात आले. पण वर्गात सांगितलेला नियम असा होता की एका वेळी एका नजरेत निश्चित दिसलेली किमान संख्या लिहायची. ती 9 होती. 9 लिहिले, त्यातली 2 पिल्ले.

सूर्य मावळला आणि जवळजवळ त्याच सुमारास समोरच्या कड्यावरून चंद्र वर आला. पुढचा दीड तास मात्र जंगलाचा नव्हता. खालच्या अंगाला कुठल्याशा बंगल्यावर समारंभ होता आणि त्याच्या डीजेची धडधड मचाणाच्या बांबूंमधून पाठीला जाणवत होती. दादांनी मान हलवली, पण एक शब्द बोलले नाहीत. 8.15 ला 5 रानडुकरे त्या गोंगाटाची पर्वा न करता आली, चिखलात लोळली आणि गेली. डीजे बंद पडला तेव्हा जी शांतता झाली, तिला सुरुवातीला मी शांतता समजलो. हळूहळू तिच्यात रातव्याची चक्‌चक् ऐकू येऊ लागली, टेबलावर टाकलेला चेंडू उसळत उसळत थांबावा तशी. मग पानावर पान घासल्याचा आवाज, मग कुठेतरी वाळलेली काटकी मोडल्याचा. 10.25 ला एक उदमांजर आले. पाणी पिऊन झाल्यावर ते आमच्याकडे वळून पाहत राहिले आणि मी नोंद लिहिण्यासाठी पेन उचलण्याचे धाडस त्याच्या जाण्यानंतरच केले.

12.50 ला वरच्या उतारावर भेकर भुंकले. भेकर हरणाच्या कुळातले असले तरी ओरडते कुत्र्यासारखे, हे वर्गात ध्वनिफितीवर ऐकले होते. पण रात्री 1 वाजता डोंगराच्या पोटातून ते ऐकताना अंगावर काटा आला. जवळजवळ 20 मिनिटे ते थांबून थांबून भुंकत राहिले आणि आवाज उतारावरून हळूहळू डावीकडे सरकला. मुलीने माझा दंड घट्ट धरला. "काका, कॉल आहे. बिबट्या चालतोय." मीही तेच मानले होते. दादा मात्र कुजबुजत म्हणाले, "भुंकलं खरं. कशाला भुंकलं ते त्याचं त्यालाच ठाऊक." कुत्री पाहून आणि माणूस पाहूनही भेकर असेच भुंकते. रेघेच्या पलीकडे मी लिहिले: 'भेकर, धोक्याची हाक, 12.50 ते 1.10, वरचा उतार.'

आता 3.40 विषयी लिहायचे आहे, कारण हा सगळा लेख खरे तर त्यासाठीच आहे. चंद्र पश्चिमेकडे कलला होता आणि ऐनाची सावली डोहाच्या नेमक्या आमच्या बाजूच्या काठावर पडली होती. मुलगी बसल्या बसल्या पेंगत होती. पाण्यावर लपलप आवाज सुरू झाला. खूर वाजले नव्हते, पाणी उडाले नव्हते, चिखल हलला नव्हता. हरणे आणि डुकरे पाणी ओढून पितात. जिभेने लपलप करून पितात ती मांजरकुळातली आणि कुत्र्याच्या कुळातली जनावरे. तो आवाज एकसारखा, सावकाश, जवळजवळ मिनिटभर चालला. मी डोळे ताणले. सावलीत सावलीपेक्षा गडद असे काहीतरी आहे असे वाटले, आणि मग तेही नाही असे वाटले. आवाज थांबला. त्यानंतर काहीच झाले नाही.

मी लाल उजेडात तक्ता धरला आणि रेघेच्या अलीकडे लिहिले: '3.40. बिबट्या. 1.' नर-मादीच्या रकान्यात आडवी रेघ मारली, जणू तेवढ्याने नोंदीला प्रामाणिकपणा येणार होता. त्या क्षणी मला शंका नव्हती असे मी म्हणणार नाही. 22 वर्षे गॅलरीतून पाहिलेल्या डोंगरात रात्रभर बसलो होतो, पाठ मोडली होती, डासांनी हात फोडून काढले होते, आणि खाली उतरल्यावर फाटकाशी पहिला प्रश्न काय विचारला जाणार हे मला ठाऊक होते.

6 वाजता उजाडल्यावर आम्ही उतरलो. दादांनी डोहाच्या काठाला एक फेरी मारली. पण त्या बाजूला सगळा दगडी बांध, ठसा उमटायला मातीच नव्हती. फाटकाजवळ चहा आणि पोह्यांबरोबर एकेका मचाणाचा तक्ता मोठ्याने वाचला जात होता आणि शेजारच्या पाणवठ्यांच्या वेळा ताडून पाहिल्या जात होत्या, म्हणजे एकच कळप दोनदा धरला जाऊ नये. एका गटाला 2 सांबरे दिसली होती, एकाला रात्रभर केवळ ससा. त्या ससेवाल्यांनी तो इतक्या साध्या आवाजात वाचला की माझ्या घशात पोह्याचा घास अडकला.

आमचा तक्ता वर्गात शिकवणाऱ्या त्याच गृहस्थांच्या हाती होता. 3.40 पाशी ते थांबले. "पाहिलात?" एवढेच त्यांनी विचारले. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मुलगी माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होती. दादा चहात पाहत होते. पुरावा नसलेली एकही रक्कम मी 31 वर्षांत मंजूर केलेली नव्हती, आणि "साहेब, खर्च झालाच आहे, फक्त पावती नाही," असे म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला चांगले माहीत होते. त्या वेळी माझा तसाच झाला असावा. "ऐकलं," मी म्हणालो.

त्यांनी काहीही न बोलता तक्ता माझ्यापुढे सरकवला. नोंद खोडताना ती काळी करायची नाही, खालचे वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, हा नियम मी शेकडो लोकांना शिकवला आहे. तसेच केले. मग जाड रेघेच्या पलीकडे लिहिले: '3.40. जिभेने पाणी पिण्याचा आवाज, सुमारे 1 मिनिट. प्राणी अनोळखी.'

मुलगी उपवनापर्यंत माझ्याशी बोलली नाही. तलावाच्या काठी बसची वाट पाहताना तिने विचारले, "पण काका, तुम्हाला काय वाटतं?" मी तिला काय वाटते ते सांगितले. ती हसली आणि पुढच्या वर्षी आपण तेच मचाण मागू या म्हणाली. फक्त त्या वेळी सावली कोणत्या काठावर पडते, ते दुपारीच पाहून ठेवायचे आम्ही ठरवले आहे.