ओढा एका रात्रीत ओसरला, क्लेमला अडीच महिने लागले

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून उतरतो, हे आम्हा पुण्याच्या सहकारनगरवाल्यांना भूगोलापुरतं ठाऊक होतं. एरवी त्याला आम्ही नालाच म्हणायचो. पेशवाईत त्याला पर्वतीच्या बाजूने वळवलं, नंतर आपण दोन्हीकडून आवळत आणलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजचा तलाव भरून वाहायला लागला आणि त्या पाण्याने आपली वाट करून घेतली. अरण्येश्वरजवळ भिंत पडून माणसं गेली. त्यापुढे माझी गाडी म्हणजे काहीच नाही, हे मान्य करूनच पुढचं लिहितोय.

सकाळी पार्किंगमध्ये गाडी शेजारच्या दोन स्कूटरवर चढून बसलेली. सीटच्या वरपर्यंत गाळ. सासरे म्हणाले, "चालू होते का बघा तरी." नशीब, मी सेल मारला नाही. इंजिनात पाणी असताना सेल मारला की पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलंत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

क्लेम नोंदवला, टोइंग झालं. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर पाचव्या दिवशी आला, तोवर घट बसले होते. गॅरेजमध्ये त्याने विचारलं, "किल्ली फिरवली होती का?" मी खरं सांगितलं: काच खाली करून कागद काढायला एकदा अर्धी फिरवली, पण काही पेटलंच नाही. त्याने मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि गेला.

या अर्ध्या किल्लीने माझे दोन महिने खाल्ले. कंपनीची मेल आली: विमाधारकाने इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केला, सबब इंजिनाचा खर्च नामंजूर. फोन लावला की दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पॉलिसी नंबर पहिल्यापासून. "सर, रिपोर्टमध्ये तसंच आहे." रिपोर्ट दाखवा म्हटलं तर "तो इंटर्नल असतो." असं काही नसतं! सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, द्यावी लागते. मी तीनदा मेल टाकली, तेव्हा कुठे मिळाली. त्यात 'अर्धी' हा शब्दच नव्हता.

मला सोडवलं गॅरेजच्या मेकॅनिकने. इंजिन उघडल्यावर चारही रॉड त्याने टेबलावर ओळीने मांडले, बाजूला स्टीलची पट्टी लावली आणि म्हणाला, "सेल मारला असता तर एक तरी वाकला असता. फोटो काढा साहेब, नंबरप्लेटसकट." ते फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला पत्र दिलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याकडे, जाईन, हेही लिहिलं. लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही, वकील तर नाहीच. बाविसाव्या दिवशी मेल आली: पुनर्विचारांती मंजूर. माफीबिफी काही नाही. मी ती मेल बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

पैसे पूर्ण येत नाहीत, हे धरून चाला. प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा, म्हणजे वापराची झीज, कापतात. आणि नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा असेल तर पुराचा एक रुपया नाही.

हो, आधी सांगायला हवं होतं: फोटो काढेपर्यंत गाडी धुऊ नका. सीटवरची गाळाची रेघ हाच पाणी कुठवर होतं त्याचा पुरावा. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने पाइप लावून गाडी चकाचक केली आणि मग सर्व्हेअरला पाणी कुठवर होतं ते हाताने दाखवत बसले. शक्य असेल तर बॅटरीची वायर आधी काढा. किल्लीला अर्धासुद्धा हात लावू नका. कागद भिजले तर भिजू देत, पॉलिसीची दुसरी प्रत मिळते.