बोटीवरचा जुना फ्रीज अखेर निघाला
आज बोटीवरची जुनी कूलिंग सिस्टीम काढली. इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर, आत आर-१२ गॅस. ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर या गॅसचं उत्पादन टप्प्याटप्प्यानं बंद झालं, तेव्हा पुन्हा भरायचा प्रश्नच नव्हता. मेकॅनिकनं तो हवेत न सोडता मशीन लावून सिलिंडरमध्ये ओढून घेतला. फार बरं वाटलं बघून.

खरं दुखणं निघालं ते फ्रीजच्या पेटीच्या भिंतीत. फोम पाणी पिऊन जड झालेला! ओला फोम उष्णता अडवत नाही. मग कॉम्प्रेसर कितीही भारी बसवा, तो धावतच राहतो आणि बॅटरी उतरते. म्हणून आधी भिंती, मग यंत्र. सगळीकडून १० सेंटीमीटर जाडीचा नवा पॉलियुरेथेन फोम, झाकणाला नवं रबर.

नवा कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा, आर-१३४ए गॅसवर चालणारा. वायर मात्र जाडच घ्या, कोणी काहीही म्हणो. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. कंडेन्सरलाही, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागालाही, मोकळी हवा लागते.

उद्या रात्रभरात बॅटरी किती उतरते ते मोजणार आहे. कुणी कील कूलर, म्हणजे बोटीच्या तळाला बाहेरून बसणारा आणि हवेऐवजी पाण्यात उष्णता सोडणारा कंडेन्सर, बसवला असेल तर अनुभव नक्की सांगा.