आत्या आणि बायपासवरचा फो

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

आखाडातला शेवटचा रविवार. दरवर्षी या दिवशी आमच्याकडे मटण शिजतं, पण यंदा गेवराईकडून आत्या आलीय. मंगळवारी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. गळ्यात माळ, तिच्यासमोर पातेलं चढवायची माझी काय टाप! लेकीनं तोड काढली की बाहेर जाऊ, ज्याला जे चालतं ते तो खाईल. आणि तिनं हेरून ठेवलेलं ठिकाण निघालं व्हिएतनामी.

बीड बायपासवर, टायरचं दुकान आणि मेडिकल यांच्या मधोमध सहा टेबलांचं हॉटेल. बाहेर गुडघाभर चिखल, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. मला चिंता फिश सॉसची. बारकी मासळी मिठात महिनोन्महिने मुरवायची आणि त्याचं पाणी गाळून घ्यायचं, ते तिकडं आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं. मेन्यूवर हिरवा ठिपका होता. पोऱ्याला विचारलं तर "प्युअर व्हेज सर" इतक्या चटकन म्हणाला की संशय वाढलाच. शेवटी आचारी हात पुसत बाहेर आला. व्हेजचं पातेलं वेगळं, त्यात सोया सॉस आणि मीठ एवढंच, म्हणाला.

मग मी आत्याला सांगितलं, तिकडं बुद्धाला मानणारे पुष्कळ लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मासमच्छी खात नाहीत. त्या जेवणाला ‘चाय’ म्हणतात.

"म्हंजी पुनव धरतेत की," आत्या म्हणाली. विषय मिटला.

मेन्यूत ‘फो’ लिहिलेलं, म्हणजे तांदळाच्या लांब शेवया घातलेला गरम रस्सा. खरा उच्चार ‘फऽ?’ असा, कुणाला काही विचारल्यासारखा वर चढणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पदार्थ हनोई-नामदिन्ह भागात रुजला, फ्रेंचांचं राज्य असताना. 1954 साली देशाची फाळणी झाली, उत्तरेकडचे लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फो त्यांच्याबरोबर सायगॉनला पोचला. मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, गोडसर सॉस, ही सगळी भर तिथली. मूळ रस्सा कशाच्या हाडांचा, ते आत्यासमोर बोललो नाही. माझ्या वाडग्यात कोंबडी होती. आमचे साडू मागच्या वर्षी टूरबरोबर व्हिएतनाम करून आले. सहा दिवस पोळी-भाजी, वरणभात. फो त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या टेबलावर पाहिला.

आत्याचा वाडगा आला. वाफेनं चष्मा धुरकटला, तो तिनं काढून ठेवला. तसाही त्याचा आता फारसा उपयोग नाही. तोंड वाडग्यावर धरून बसली.

"कांदा भाजलेला हाय. आलं बी. दालचिनी." थोडं थांबून, "अन् बाद्यान."

मी मुद्दाम उठून आचाऱ्याला विचारलं. कांदा आणि आलं थेट गॅसच्या जाळावर काळं करून टाकतो, म्हणाला. दालचिनी, बाद्यान बरोबर. आत्याला यात काहीच नवल वाटलं नाही. "काळा मसाला करू करू जन्म गेला माझा." मात्र शेवयांवर ती नाराज. शेवया दुधातल्या, गुळातल्या, ह्या एवढ्या लांब अन् खारट कशाला? चमच्यानं तोडून खाल्ल्या, मिरचीच्या सगळ्या चकत्या टाकून, लिंबू पिळून.

लेकीनं मागवलेले रोल आपले आपण करायचे होते. ताटात काकडी, गाजर, पुदिना, टोफू. शेजारी कोमट पाण्याचं भांडं आणि तांदळाच्या कोरड्या पारदर्शक चकत्या. (टोफू सोयाबीनचा आहे हे आत्याला सांगितलं. सोयाबीन तिच्या रानातही असतं, पण ते आडतीवर घालायचं पीक, खायचं नव्हे.) मी चकती पाण्यात बुडवून ठेवली, तिचा लगदा झाला. दुसरी फाटली. लेकीची तिच्याच बोटांना गुंडाळली.

आत्यानं एक कोरडी चकती उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. दोनदा.

"सालपापडी हाय ही."

तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, ताटलीवर पातळ पसरून वाफेवर धरायचे, साल काढायचं, वाळवायचं. मी म्हटलं, तिकडं ताटली नसते, उकळत्या हंड्याच्या तोंडाला फडकं ताणून बांधतात आणि त्याच्यावर पसरतात.

"चिकटत न्हाई का फडक्याला?" हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला कुठं माहीत! तोवर तिचा अंगठा पुन्हा चकतीवर. "बाजेवर न्हाई, तट्ट्यावर वाळवली. बोटाला लागायलंय."

मी चकती ट्यूबलाइटसमोर धरली. बांबूच्या विणीचे चौकोन, एकाशेजारी एक. याआधी चार-पाचदा हे रोल खाल्लेत, एकदाही दिसले नव्हते.

"भिजवायची न्हाई रं, नुसती ओली करायची," म्हणत तिनं पाण्यातून झर्रकन काढली, पाला भरला, दोन्ही कडा आत घेऊन गुंडाळली. सगळ्यांचे रोल मग तिनंच केले. पोऱ्या बाजूला उभा राहून बघत होता.

कॉफी मी एकट्यानं घेतली. पत्र्याच्या गाळणीतून घट्ट गोड दुधावर थेंब-थेंब पडत होती, भलतीच कडक. आता झोप येत नाहीये ती त्यामुळंच.

निघताना आत्यानं पोऱ्याकडून एक कोरडी चकती मागून घेतली, जावेला दाखवायला. मोडू नये म्हणून डोळ्यांच्या फाइलीत, रिपोर्टांच्या मध्ये ठेवलीय. फाइल उशाशी घेऊन झोपलीय. मंगळवारी डॉक्टरांच्या हातात द्यायच्या आधी आठवणीनं काढायला हवी.