पावली

दाराजवळ चिल्लरचा एक स्टीलचा डबा आहे. हल्ली त्यात काही पडत नाही. कोथिंबिरीच्या दहा रुपयांच्या जुडीलाही भाजीवाला स्कॅनर पुढे करतो. परवा तो डबा घासायला काढला तेव्हा कानात रशियन गायिका मोनेतोचका चालू होती. मोनेता म्हणजे नाणं. त्याला शेपूट लावून रशियनांनी ते लाडाचं केलं, की झाली मोनेतोचका. मी तिला पावली म्हणते.

आवाजही पावलीएवढाच. शाळेच्या गॅदरिंगला माईक उंच पडलेल्या मुलीसारखा. शब्द मात्र तिरके, हे भाषांतर वाचल्यावर कळलं. येकातेरिनबर्गची ही मुलगी, जन्म 1998 चा. 2016 मध्ये घरीच सिंथेसायझरवर केलेली गाणी तिने नेटवर टाकली आणि नाव झालं. रशियन गायिका येतात तरी कुठून कुठून! झिवर्ट आधी विमानात हवाई सुंदरी होती. उफाची झेम्फिरा बास्केटबॉल खेळायची, मग रेडिओसाठी जाहिराती बनवायची. 1999 मध्ये पहिला अल्बम आला आणि सगळा देश तिच्यामागे. ग्लुकोझा तर सुरुवातीला व्हिडिओत कार्टून म्हणूनच दिसायची. (हो, ग्लुकोजवरूनच. आपल्याकडे कुणी इलेक्ट्राल नावाने गाईल का?)

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि या नाण्यांची वाटणी झाली. झेम्फिरा फ्रान्सला गेली, मोनेतोचका लिथुआनियाला. 2023 च्या सुरुवातीला दोघींवर ‘परकीय हस्तक’ असा सरकारी शिक्का बसला. हा शिक्का कागदावर राहत नाही. काहीही लिहायचं, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छा का असेनात, की आधी आपण परकीय हस्तक असल्याची सूचना छापायची. सोव्हिएत काळापासूनची बडी गायिका पुगाचोवा, तिची तऱ्हा न्यारी. नवऱ्यावर असा शिक्का बसला तेव्हा तिने जाहीरपणे सांगितलं, मलाही त्याच यादीत घाला. सोव्हिएत काळात लोक देशाचा सर्वेसर्वा ब्रेझनेव्ह याच्यावरून विनोद करायचे, ब्रेझनेव्ह कोण? तर पुगाचोवाच्या काळातला एक किरकोळ पुढारी. अशा बाईला यादीचं काय भय!

सगळ्याच गेल्या नाहीत. पोलिना गागारिना 2015 मध्ये व्हिएन्नाला युरोव्हिजन या युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत शांततेचं गाणं गाऊन दुसरी आली होती. मार्च 2022 मध्ये ती मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर पुतिनच्या सभेत गायली. गळा तोच, तयारीचा. मी मात्र ते व्हिएन्नाचं गाणं आता पुढे ढकलते.

आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रस्त्यावर गाणारी एक अठरा वर्षांची पोरगी पकडली गेली. गर्दी जमवून मेट्रोची वाट अडवली म्हणून तेरा दिवस कोठडी. पुढे मोनेतोचकाचं एक गाणं गायलं म्हणून दंडही. भोवतीची पोरं शब्दन् शब्द सोबत म्हणत होती. व्हिडिओत तिचा आवाज कुठला आणि त्यांचा कुठला, कळत नाही.

डब्याच्या तळाशी एक खरीखुरी पावली निघाली, पंचवीस पैशांची. 30 जून 2011 नंतर ती कुणी घेत नाही. खणखणते का बघू म्हणून फरशीवर टाकली, तर टुणकन उडून फ्रिजखाली गेली. झाडूने दोनदा ओढून पाहिलं, अजून निघालेली नाही.