चाकोरी आणि खडेमीठ

पहाटे पाचला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून निघालो तेव्हा स्वेटरही नकोसा वाटत होता. फेब्रुवारीत! रात्रभर फॉन वाहत होता. आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून खाली उतरणारा हा कोरडा, उबदार वारा. आभाळ निरभ्र होतं, चांदण्या लख्ख दिसत होत्या. मी म्हटलं, आज उजेड छान मिळेल. मागच्या सीटवरून सई म्हणाली, "आई, इकडे फॉन म्हणजे पलीकडे धुकं."

तिचंच खरं झालं. ब्रेनर घाट इथून साधारण ४० किलोमीटरवर, उंची १,३७० मीटर. घाट ओलांडून इटलीत उतरलो आणि काचेवर ओला बर्फ थपाथप पडायला लागला. महाबळेश्वरात मुसळधार आणि माणात कोरडं ठाक, तसंच हे. आमचं शहर डोंगराच्या कोरड्या बाजूला आणि सईची शर्यत भिजणाऱ्या बाजूला.

शर्यत होती जायंट स्लालमची, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या गेट्समधून वळत स्कीवर खाली यायची. लाल आणि निळी गेट्स आलटूनपालटून, दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ एकत्र धरायची. एक गेट चुकलं की बाद. शर्यतीआधी त्या गेट्समधून एकदाही स्की करून बघता येत नाही. फक्त कडेकडेनं आडवं घसरत उतरायचं आणि सगळा मार्ग डोक्यात भरून घ्यायचा. मग वर रांगेत मुलं डोळे मिटून उभी असतात आणि हाताचा पंजा हवेत डावीउजवीकडे वळवत असतात. स्तोत्र पाठ करणाऱ्या मुलांसारखे त्यांचे ओठही हलतात. त्या दिवशी ते पाठांतर फारच गरजेचं होतं, कारण खाली काही दिसतच नव्हतं. धुक्यात बर्फावर सावली पडत नाही. पांढऱ्यावर पांढरं. उंचवटा कुठला नि खड्डा कुठला, ते पायाखाली आल्यावरच कळतं.

त्यात बर्फ मऊ. म्हणून आयोजकांनी पोती फोडून उतारावर मीठ पसरलं. लहानपणी मे महिन्यात लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फावर खडेमीठ टाकायचो, त्यातलंच शास्त्र. मीठ थोडा बर्फ वितळवतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या बर्फातून ओढून घेतं. तो ओला थर मग कडक होतो. पण हे काही वेळापुरतंच. पहिल्या वीस-पंचवीस जणांना कडक उतार मिळतो. त्यानंतर प्रत्येक गेटच्या वळणावर खोल घळी पडत जातात. सईचा नंबर ५२ होता.

जानेवारीत अशाच घळीत अडकून ती चौथ्या गेटलाच बाहेर फेकली गेली होती. परतताना गाडीत एक शब्द बोलली नाही. रात्री माझ्या वडिलांना फोनवर तिनं सगळं समजावून सांगितलं. त्यांचं आयुष्य माणातल्या शेतात गेलेलं, बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमधला पाहिलाय. ते म्हणाले, "अगं, ही तर चाकोरी! चाकोरीत चाक गेलं की बैल आडवे ओढायचे नाहीत, गाडी उलटते. गप तिच्यानं जायचं, ती उथळ झाली की बाहेर काढायचं." सई चमकून माझ्याकडे बघायला लागली. तिचा ट्रेनरही हेच सांगायचा: घळीशी झगडू नकोस, बाहेरच्या स्कीवर ठाम उभी राहा, गुडघे सैल ठेव.

मी शेवटच्या रेषेपाशी जाळीला धरून उभी होते. एकेक नंबर पुकारला जायचा आणि कितीतरी मुलं खाली पोचतच नव्हती. मग धुक्यातून आधी आवाज आला, घळीत स्की आपटल्याचा, खडड्, खडड्. आणि मग तिचं लाल हेल्मेट. दोनदा तोल गेला, एकदा हात बर्फाला टेकला, पण ती आली. गॉगल वर केला तेव्हा पापण्यांवर पाणी साचलं होतं. "शेवटची सहा गेट्स दिसलीच नाहीत," ती धापा टाकत म्हणाली. "नुसती मोजत आले."

मला २०२२ चं बीजिंग ऑलिंपिक आठवलं. गुलमर्गचा आरिफ खान, त्या स्पर्धेतला भारताचा एकुलता एक खेळाडू. जायंट स्लालमच्या दिवशी असाच दाट बर्फ पडत होता. भलेभले बाद झाले. तो दोन्ही फेऱ्या पूर्ण करून ४५ वा आला. आपल्याकडे बातमीत तो ४५ आकडा तेवढा दिसला. त्या हवेत खाली पोचणं म्हणजे काय, हे मला आता या जाळीपाशी उभं राहून कळतंय, आणि त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

सई दुसऱ्या फेरीतही खाली पोचली. क्रमांक एकतिसावा.

घरी पोचायला रात्र झाली. मी म्हटलं, झोप आता, उद्या शाळा आहे. पण स्कीच्या मीठ लागलेल्या पोलादी कडा रात्रभर तशाच राहिल्या तर सकाळी तांबडा गंज दिसतो. तळघरात दिवा लावून ती बसली, जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यानं कडा कोरड्या करत. मग कानस घेतली. मी पायरीवर बसून राहिले, तिची दुसरी स्की होईपर्यंत.